स्पीकरची जोडी

मिहान म्हटलं की बाहेरच्या माणसाला काचेच्या इमारती आठवतात. वर्धा रोडनं खापरीकडं आलं की टीसीएस, एचसीएल, इन्फोसिस यांची आवारं, एम्सचं मोठं रुग्णालय, विमानं दुरुस्त करायचं हँगर आणि या सगळ्यांमधून जाणारे रुंद, मोकळे रस्ते. 2002 साली महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनी स्थापन झाली. प्रकल्पासाठी चार हजार हेक्टरांहून जास्त जमीन ठरली. शिवणगाव, खापरी, तेल्हारा, कलकुही, दहेगाव ही नावं मग शेतसाऱ्याच्या पावतीपेक्षा प्रकल्पाच्या कागदांतच जास्त दिसू लागली. आमचं गाव त्यातलंच. आधी शेत गेलं, काही वर्षांनी घर गेलं. आता आम्ही पुनर्वसनाच्या प्लॉटवर स्लॅबच्या घरात राहतो. नळ आहे, रस्ता आहे, मेट्रो आहे. नाही म्हणावं असं फारसं काही नाही.

गाव गेलं म्हणजे नेमकं काय गेलं, हे मला बरीच वर्षं सांगता येत नव्हतं. जमिनीचा हिशेब कागदावर होतो. घराचा होतो, विहिरीचा होतो, संत्र्याच्या झाडांचासुद्धा होतो. आवाजांचा कुठंच होत नाही.

आमचं गाव धावपट्टीच्या शेजारचं. त्यामुळं विमानाचा आवाज आमच्या गावाला कोंबड्याच्या आरवण्याइतकाच ओळखीचा. आबा, म्हणजे माझे आजोबा, रात्रीच्या टपालाच्या विमानांची गोष्ट सांगायचे. 1949 साली रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या चार दिशांची विमानं मध्यरात्री नागपूरला उतरायची, टपालाच्या थैल्या आपसांत बदलायची आणि पहाटेपर्यंत परत आपापल्या गावी. आबा तेव्हा जवान. रात्री ओलिताला गेले की विमानांवरून वेळ ओळखायचे. "घड्याळ कोणाकडं होतं बाप्पा! दुसरं विमान उतरलं की बारं फिरवाचं," असं ते म्हणायचे.

विमान सोडलं तर बाकी आवाज कुठल्याही वऱ्हाडी-नागपुरी गावचेच. विहिरीची कप्पी, बंडीची आरी, कोठ्यातली घंटा, आणि गुरुवारी मारोतीच्या पारावर खंजिरी भजन. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी खंजिरी गावोगाव नेली, तशी ती आमच्याही गावात आली होती. माझे बाबा त्या मंडळात गायचे. आवाज फार गोड नव्हता, पण खडा होता. शेताच्या धुऱ्यावरून ऐकू यायचा.

घर खाली करायच्या वेळी गावात रोज कबाड्याचा टेम्पो यायचा. माणसं नव्या घरात काय न्यायचं आणि काय नाही, हे अंगणात उभं राहून ठरवायची. वखर, पाभर, बंडीची चाकं, पितळेचे गुंड, जाती, रेडिओ, सगळं वजनावर गेलं. नव्या घरात कोठाच नाही तर वखर कुठं ठेवणार? त्यात आमचा टू-इन-वनही गेला. कॅसेटींचा डबा मात्र मायनं धान्याच्या कोठीत टाकून आणला. त्यातल्या एका कॅसेटवर बाबांचं भजन होतं. बाबा घर सोडायच्या दोन वर्षं आधीच गेले.

ही कॅसेट ऐकायला घरात काही उरलंच नव्हतं. माझ्या पुतण्यानं एकदा मित्राकडच्या टेपवर ती लावली आणि समोर मोबाईल धरून आवाज उतरवून घेतला. घरी येऊन ऐकवला. बाबांचा आवाज ओळखू आला, पण डबक्यात बसून गायल्यासारखा. सगळे आवाज एकमेकांवर चढलेले. मायनं थोडं ऐकलं आणि म्हणाली, "राहू दे. त्यात गर्दीच लय झाली."

मला जुन्या वस्तूंचा नाद तसा नाही. पण वर्धा रोडच्या कडेला एक कबाडी आहे, त्याच्याकडं मी अधूनमधून लोखंडी पाईप, पत्रे पाहायला जातो. तीन वर्षांमागं दिवाळीच्या आधी गेलो, तर ताडपत्रीखाली दोन लाकडी डबे दिसले. गुडघ्याच्या वर येतील एवढे. पुढं काळं कापड, एकाचं फाटलेलं. सागवानी रंगाचा पापुद्रा कोपऱ्यांवर सुटलेला. कंपनीचा बिल्ला निघून गेलेला, नुसती दोन भोकं राहिलेली. मी एक उचलून पाहिला तर हातात चांगलाच जड लागला.

"भैया, गाना बजानेवाले डब्बे हैं," कबाडी म्हणाला. "किसी साहब के बंगले से आए. लकडी तो जलाने की है, अपने को मतलब चुंबक और तांबे से."

म्हणजे आणखी दोन दिवसांत तो हे फोडणार होता. स्पीकरच्या पाठीमागं मोठं चुंबक असतं आणि आत तांब्याच्या बारीक तारेचं वेटोळं. कबाड्याच्या हिशेबात स्पीकरची किंमत तेवढीच. मी एकच घेतला तर कितीला, असं सहज विचारलं. त्याचं उत्तर मला फार आवडलं. "एक का क्या करोगे? बैल है क्या, जो एक मर गया तो दूसरा ढूंढोगे? जोडी है, जोडी ले जाओ."

सहाशे रुपयांत जोडी ठरली.

घेण्याआधी मी तिथंच थोडं पाहून घेतलं. एवढं मला माहीत होतं, कारण गावातल्या साउंड सर्व्हिसवाल्याकडं मी शाळेच्या सुट्ट्यांत हाताखाली काम करायचो. त्याचा भर भोंग्यावर आणि अहुजाच्या अ‍ॅम्प्लिफायरवर, पण स्पीकर तपासायची रीत तीच. कापड काढलं. मोठा वूफर कागदाचा, त्याची किनार कापडाची. हे बरं होतं. कित्येक जुन्या स्पीकरांची किनार फोमची असते, ती काही वर्षांनी जुन्या पोळीसारखी हाताला लागताच चुरते. कापडाची टिकते. चारी बोटं पसरून कागदी पडदा हलकेच आत दाबला. खरखर झाली नाही, म्हणजे आतलं वेटोळं घासत नव्हतं. मग कबाड्याकडूनच घड्याळातला पेन्सिल सेल मागून घेतला आणि दोन टोकांना तारा टेकवल्या. "टुक्" असा आवाज आला आणि पडदा पुढं उचलला. दुसऱ्या डब्याचाही तसाच. मेलेल्या जनावराच्या नाकाला सूत धरावं आणि ते हलावं, तसं मला झालं.

पुढचं काम माझ्या आवाक्यातलं नव्हतं. सीताबर्डीला मोदी नंबरच्या गल्ल्यांत आता मोबाईलचीच दुकानं जास्त, पण एका माडीवर जुने मेकॅनिक अजून बसतात. सत्तरीला आलेले. मी त्यांना काका म्हणतो, ते मला भाऊ म्हणतात. मेट्रोतून हे डबे नेले तेव्हा खापरी ते सीताबर्डी सगळा डबा माझ्याकडं पाहत होता. एका पोरीनं विचारलं, "काका, देवाचं आहे का?" मी हो म्हटलं. एवढं समजावत कोण बसणार?

मेकॅनिककाकांनी डबे टेबलावर ठेवले आणि आधी नुसते बोटानं वाजवून पाहिले, जसं बाजारात मडकं वाजवतात. म्हणाले, "प्लायवूड ठोस आहे. कोलकात्याची सोनोडाइन, मुंबईची कॉस्मिक, फिलिप्स, असे लय पाहिले. हे कोणाचं हे बिल्ल्याशिवाय सांगत नाही. पण बनवणाऱ्यानं चोरी नाही केली."

त्यांनी मीटर लावला. आठ ओहमचा वूफर मीटरवर साडेसहाच्या आसपास दाखवतो, तसा दोन्हींनी दाखवला. बारीक आवाजाचे ट्विटर तपासले तर एक जिवंत, एक गप्प. केसासारखी तार आत तुटलेली. "एकच बदलू का?" मी विचारलं. त्यांनी मान हलवली. "दोन्ही बदला. एक जुना, एक नवा, तर एका कानानं म्हातारा बोलेल आणि एका कानानं पोरगा." आवाजाची वाटणी करणारे कपॅसिटरही त्यांनी बदलले. वर्षं झाली की ते आतून वाळतात आणि मग वरचा आवाज मंद होतो.

मग त्यांनी मला एक गंमत दाखवली. एका स्पीकरच्या तारा मुद्दाम उलट्या जोडल्या आणि गाणं लावलं. ढोलक गेलंच. आवाज होता, पण त्याला बूड नव्हतं. "पाहा," काका म्हणाले, "एकाचा पडदा पुढं येते तेव्हा दुसऱ्याचा मागं जाते. एक हवा ढकलते, दुसरा ओढते. दोघं मिळून शून्य." तारा सरळ केल्या आणि ढोलक खोलीच्या मधोमध येऊन बसलं. मी दोन्ही डब्यांकडं पाहिलं. मधोमध तर काहीच नव्हतं, नुसती भिंत.

बैलजोडी हाकलेल्या माणसाला हे समजायला जड नाही. जोडीतला एक डावीकडचा, एक उजवीकडचा. अंगवळणी पडलेली बाजू बदलली की नांगर वाकडा चालतो. आणि दोघांनी एकाच वेळी पाऊल टाकलं तरच तास सरळ पडतो.

आपल्याकडं गावात आवाज म्हणजे भोंगा. लग्न असो, तमाशा असो, निवडणूक असो, झाडावर भोंगा बांधला की एकाच तोंडातून सगळं गाव ऐकणार. रेडिओही तसाच. 1948 साली नागपूरला आकाशवाणी आली, पण तिचाही आवाज एकाच जाळीतून. स्टिरिओचं निराळं. ब्लूमलाइन नावाच्या इंग्रज इंजिनिअरनं 1931 साली त्याचं पेटंट मागितलं. माणसाला दोन कान आहेत, मग आवाजाची तोंडंही दोन हवीत, एवढीच ती गोष्ट. दोन कानांमुळं आपल्याला आवाज कुठून आला ते कळतं. गाय कुठल्या बांधाला हंबरली, ते डोळे मिटूनही शेतकरी सांगतो. ते एका भोंग्यातून कधी कळत नाही.

काकांकडचा एक जुना कॅसेट डेकही मी घेतला. त्याचा रबरी पट्टा वितळून डांबर झाला होता, तो त्यांनी नवा टाकला. हेड स्पिरिटनं पुसलं. बाबांच्या कॅसेटमधली, फितीला मागून दाबून धरणारी इवलीशी गादी गळून पडली होती. दुसऱ्या कॅसेटची काढून त्यांनी चिमट्यानं बसवली. ते करताना त्यांचा हात अजिबात हलला नाही.

ही कॅसेट 1988 सालच्या तान्ह्या पोळ्याची. माझे काका अंबाझरीच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत होते. त्यांनी बोनसमधून स्टिरिओ टू-इन-वन घेतला होता, समोरच्या तोंडावर डाव्या-उजव्या कोपऱ्यांना दोन माईक असलेला. त्या संध्याकाळी त्यांनी तो मारोतीच्या पायरीवर ठेवला, भजनी मंडळाकडं तोंड करून. बायका त्याच्या मागं ओट्यावर बसल्या होत्या. पोट्टे लाकडी नंदी ओढत घरोघर बोजारा मागत फिरत होते. मी त्यांच्यातच. नऊ वर्षांचा.

घरी आल्यावर मी डबे समोरच्या भिंतीला लावले, मधे सहा फूट अंतर ठेवलं आणि मायला खुर्ची दिली. ती खुर्चीवर बसली नाही. खाली सतरंजीवर बसली, ओट्यावर बसायची तशी.

फीत फिरली. आधी नुसता सूंऽऽ आवाज. मग कोणीतरी खाकरलं. मग खंजिरी. आणि मग बाबा. मोबाईलवर जी गर्दी झाली होती, ती आता पांगली. खंजिरी एका बाजूला गेली, टाळ दुसऱ्या बाजूला, बाबा मधोमध, भिंतीच्या थोडे आतच. कप्पी कुरकुरली. एक कुत्रं भुंकलं. नंदीच्या चाकाचा चीं-चीं आवाज एका डब्याकडून दुसऱ्या डब्याकडं गेला. ते चाक कोणाच्या नंदीचं हे मला ओळखता आलं नाही. मग लांबून विमान आलं, भजनावर चढलं आणि निघून गेलं.

मायचे डोळे भरतील असं मला वाटत होतं. तिच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"विमान उलटं गेलं," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"म्हणजे काय? उतरणारं विमान खापरीच्या अंगानं येते आन् जयताळ्याच्या अंगाले जाते. हे जयताळ्याकडून येऊन रायलं."

मी म्हटलं, माय, वारा फिरला की विमानं तिकडूनही येतात. तिनं ऐकलं नाही. "आन् इहीर? इहीर बी फिरली का वाऱ्यानं? आमी ओट्यावर बसलो की इहीर उजव्या हाताले, निंब डाव्या हाताले. निंबाखाली खंजिरी बसे. इथं कप्पी डाव्या हाताले वाजून रायली."

मी तारा तपासल्या. डावी डाव्याला, उजवी उजव्याला. सगळं बरोबर होतं. मग मेकॅनिककाकांना फोन लावला. ते ऐकून हसले. "तुमच्या आईले नमस्कार सांगा. मशीनचं तोंड मंडळीकडं होतं ना? म्हणजे मशीनच्या समोरून पाहिलं की जे डावं, ते मागं ओट्यावर बसलेल्या बाईचं उजवं. मशीन आपल्या जागी बरोबर, तुमची आई तिच्या जागी बरोबर. तारा अदलाबदल करा."

मी अदलाबदल केली आणि फीत मागं नेली. या वेळी कप्पी उजवीकडं वाजली. खंजिरी डावीकडं, निंबाखाली. विमान खापरीकडून आलं आणि जयताळ्याकडं उतरत गेलं. माय काही बोलली नाही. मग तिनं हात उचलून भिंतीकडं दाखवायला सुरुवात केली. "इथं तुह्या मावशीचं घर. त्याच्या मागं पांदण. इथं पाटलाचा कोठा. हा खोकला पाहा, हा तुह्या मोठ्या बाबाचा, ते नेहमी खांबाले टेकून बसत." पांढऱ्या भिंतीवर तिला सगळं दिसत होतं, आणि ती दाखवत होती म्हणून थोडंफार मलाही.

पुतण्या दारात उभा राहून ऐकत होता. तो मिहानमधल्याच एका कंपनीत नोकरीला आहे. तो जिथं बसतो ती इमारत आमच्या शिवारात येते, हे त्याला माहीत होतं, पण मारोतीचा पार नेमका कुठं होता हे त्यानं कधी विचारलं नव्हतं. त्या दिवशी विचारलं. आजीनं त्याला विहिरीपासून पावलं मोजून सांगितलं. दुसऱ्या दिवशी तो कंपनीतून आला आणि म्हणाला, "आजी, तिथं आता रस्त्याचा दुभाजक आहे. बोगनवेल लावली आहे." ती म्हणाली, "लावू दे. सावली तर होईन."

गोष्ट पुनर्वसनाच्या वस्तीत पसरली. आधी शेजारच्या काकू आल्या, मग त्यांच्या जाऊबाई. आता गुरुवारी संध्याकाळी पाच-सात जणी तरी असतात. भजन ऐकायला येतात असं म्हणतात. पण भजन चालू असताना त्या आपसांत बोलतात आणि भजन थांबलं की गप्प होतात. दोन भजनांच्या मधली ती अर्धी-पाऊण मिनिटं त्यांना ऐकायची असतात. कोणी पाणी मागतं, कोणी पोराला हाक मारतं, कोणी तंबाखू मळल्यावर हात झटकतं. एका काकूंनी मला तीन वेळा फीत मागं घ्यायला लावली. त्यांचे यजमान त्यात एवढंच म्हणतात, "घ्या, सुरू करा." तेवढ्यासाठी त्या दर गुरुवारी येतात. माणूस जाऊन पंधरा वर्षं झाली. फोटो आहे, पण फोटो सुरू करा म्हणत नाही.

फीत जुनी आहे. दर वेळी वाजवली की थोडी झिजते, हे मेकॅनिककाकांनी बजावून सांगितलं आहे. म्हणून पुतण्यानं ती डेकमधून थेट संगणकावर उतरवून घेतली. मी त्याला एकच सांगितलं होतं, दोन्ही बाजू वेगळ्या राहू दे, मिसळू नको. त्यानं तसंच केलं. फायलीला नाव देताना त्यानं गावाचं नाव दिलं, बाबांचं नाही. मला ते योग्य वाटलं.

काकांनी नव्यानं जोडलेल्या तारा सारख्याच काळ्या आहेत. झाडझूड करताना त्या निघाल्या की कोणती कुठं हा घोळ होतो. गेल्या पोळ्याला घर सारवून-पुसून झाल्यावर मी पाहिलं, तर मायनं चुन्याची कांडी घेऊन डब्यांच्या पाठीवर पुतण्याकडून लिहून घेतलं होतं. डावं-उजवं नाही. एकावर लिहिलं होतं, जयताळा. दुसऱ्यावर, खापरी.